शाळेच्या मैदानावर किती किरणोत्सर्ग चालेल?

जपानमध्ये शाळेचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. २०११ च्या एप्रिलमध्ये फुकुशिमा प्रांतातली मुलं नव्या वर्गात जाऊन बसली, तेव्हा फुकुशिमा दाइची अणुवीजकेंद्रातल्या अपघाताला जेमतेम महिना झाला होता. ११ मार्चच्या भूकंपाने आणि त्सुनामीने केंद्राची वीज गेली, अणुभट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर पडून वाऱ्याबरोबर पसरलं. वीस किलोमीटरच्या आतली गावं रिकामी केली गेली होती. त्याबाहेरच्या शहरांतल्या शाळा मात्र भरणार होत्या. पालकांचा प्रश्न एकच होता: पोराला मैदानावर खेळायला पाठवू की नको?

१९ एप्रिलला शिक्षण मंत्रालयाने उत्तर म्हणून एक आकडा दिला: ताशी ३.८ मायक्रोसीव्हर्ट. मैदानावरची मोजणी याच्या खाली असेल तर मुलांनी नेहमीसारखं खेळावं. वर असेल तर बाहेरचा वेळ दिवसाला तासाभरावर आणावा.

हा आकडा कसा आला ते बघण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यातच दडलेला आहे. सीव्हर्ट हे किरणोत्सर्गामुळे शरीराला होऊ शकणाऱ्या इजेचं माप. त्याचा हजारावा भाग मिलिसीव्हर्ट आणि दहा लाखावा भाग मायक्रोसीव्हर्ट. मंत्रालयाने धरून चाललं की मूल दिवसाचे ८ तास बाहेर असतं आणि १६ तास लाकडी घरात. लाकडी घरात बाहेरच्या किरणोत्सर्गाचा ४० टक्के भाग पोचतो, म्हणजे आतले १६ तास हे बाहेरच्या ६.४ तासांच्या बरोबरीचे. एकूण झाले १४.४ तास. त्याला ३.८ ने आणि मग ३६५ ने गुणलं की वर्षाचे जवळपास २० मिलिसीव्हर्ट होतात. गणित अगदी बरोबर आहे. फक्त ते उलट्या दिशेने केलेलं आहे. आधी २० ठरले, मग त्यातून ३.८ काढले.

मग २० कुठून आले? आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची शिफारस अशी की अपघातानंतर लोक त्याच भागात राहणार असतील, तर वर्षाला १ ते २० मिलिसीव्हर्टच्या दरम्यान मर्यादा ठरवावी आणि ती हळूहळू १ कडे न्यावी. जपानने शाळांसाठी या पट्ट्याचं सगळ्यात वरचं टोक उचललं. तुलनेसाठी सांगायचं तर जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच, म्हणजे माती, खडक, अवकाश आणि अन्न यांतून, वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. नेहमीच्या दिवसांत अणुवीजकेंद्रामुळे जनतेला त्याच्यावर आणखी १ पेक्षा जास्त मिळू नये, असा नियम भारतातही आहे. आणि २० हा आकडा भारतात अणुकेंद्रात काम करणाऱ्या माणसासाठी वापरतात: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० च्या आत हवी. तो कामगार प्रौढ असतो, त्याला प्रशिक्षण असतं, त्याच्या छातीला डोस मोजणारा बिल्ला असतो आणि त्या कामाचा पगार मिळतो. पहिलीतल्या पोरीकडे यातलं काहीही नसतं.

हाच मुद्दा तोशिसो कोसाको यांनी मांडला. ते टोकियो विद्यापीठातले किरणोत्सर्ग सुरक्षेचे प्राध्यापक आणि पंतप्रधानांचे सल्लागार होते. २९ एप्रिलला पत्रकारांसमोर अश्रू आवरत त्यांनी राजीनामा दिला. प्राथमिक शाळेतल्या मुलांना हा आकडा लावणं अभ्यासक म्हणून आणि माणूस म्हणून आपल्याला मान्य नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच सुमारास फुकुशिमातले पालक शाळेच्या मैदानातली माती पिशवीत भरून टोकियोला अधिकाऱ्यांसमोर घेऊन गेले. २७ मे रोजी मंत्रालयाने जाहीर केलं की शाळेच्या आवारात वर्षाला १ मिलिसीव्हर्ट हे उद्दिष्ट राहील आणि माती काढण्याचा खर्च सरकार देईल. ऑगस्टच्या अखेरीस ३.८ चा आकडा मागे पडून ताशी १ मायक्रोसीव्हर्टचा निकष आला.

बहुतेक मुलांना प्रत्यक्षात मिळालेला डोस २० च्या आसपासही नव्हता, तो खूप कमी होता. म्हणजे त्या आकड्याने मुलांच्या शरीराचं जेवढं नुकसान झालं असेल, त्याहून कितीतरी जास्त नुकसान पालकांच्या विश्वासाचं झालं. आणि तो विश्वास एकदा गेल्यावर सरकारने नंतर सांगितलेल्या खऱ्या गोष्टीही कुणाला पटेनात.

मुलांची गोष्ट वेगळी का

किरणोत्सर्ग पेशीतल्या डीएनएला इजा करतो. वाढत्या शरीरात पेशींचं विभाजन जोरात चाललेलं असतं, त्यामुळे चूक दुरुस्त व्हायच्या आधीच तिची नक्कल होण्याची शक्यता जास्त. शिवाय मुलापुढे उभं आयुष्य पडलेलं असतं. इजेचा कर्करोग व्हायला दहा, वीस, तीस वर्षं लागत असतील, तर साठीतल्या आजोबांपेक्षा सहा वर्षांच्या नातवाला तो गाठण्याची शक्यता अधिक. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने २०१३ मध्ये मांडलेलं चित्र मात्र सरसकट नाही. कर्करोगाच्या साधारण पाव प्रकारांमध्ये मुलं मोठ्यांपेक्षा जास्त संवेदनशील असतात. त्यात रक्ताचा, थायरॉइडचा, स्तनाचा, त्वचेचा आणि मेंदूचा कर्करोग येतो. काही प्रकारांत फरक नाही, आणि काहींत मुलं उलट अधिक चिवट असतात.

मुलांची उंचीही मोजावी लागते. जमिनीवर पडलेल्या सीझियम या किरणोत्सर्गी द्रव्यातून किरण वर येतात, त्यामुळे जमिनीजवळ डोस जास्त. म्हणून जपानमध्ये बालवाडी आणि प्राथमिक शाळेच्या मैदानावर मोजणी ५० सेंटिमीटर उंचीवर व्हायची आणि माध्यमिक शाळेत एक मीटरवर. मातीत बसणारं, माती खाणारं, ढोपरं फोडून घेणारं मूल आणि रस्त्याने चालणारा मोठा माणूस एकाच हवेत असले, तरी दोघांचा डोस एक नसतो.

पहिले आठ दिवस

अणुभट्टीतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांपैकी मुलांच्या दृष्टीने दोन महत्त्वाची. एक आयोडीन १३१, दुसरं सीझियम. दोघांची चाल वेगळी आहे आणि त्यातला फरक कळला की अर्धा विषय कळला असं समजा.

आयोडीन १३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. दोन-तीन महिन्यांत ते जवळजवळ संपतं. पण तोवर ते गवतावर पडतं, गाय गवत खाते, दुधात येतं आणि दूध मुलं पितात. थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं, ते किरणोत्सर्गी आहे की साधं हे तिला ओळखता येत नाही. मुलाची ग्रंथी लहान, दूध पिण्याचं प्रमाण मोठं, म्हणून तेवढ्याच आयोडीनचा मारा मुलाच्या ग्रंथीवर कितीतरी दाट होतो.

युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीजकेंद्राच्या अपघातात हेच घडलं. २६ एप्रिल १९८६ ला शनिवार होता. मध्यरात्रीनंतर स्फोट झाला आणि सकाळी शेजारच्या प्रिप्यात शहरातली मुलं रोजच्यासारखी शाळेत गेली. शहर रिकामं झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. त्याहून मोठी चूक पुढे झाली: बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या खेड्यांत लोक दूषित दूध पीत राहिले. त्या भागात अपघाताच्या वेळी १८ वर्षांखाली असलेल्यांपैकी सुमारे १९,००० जणांना १९९१ ते २०१५ या काळात थायरॉइडचा कर्करोग झाल्याची नोंद आहे. त्यातला साधारण पाव हिस्सा किरणोत्सर्गामुळे झाला, असा संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा अंदाज आहे. हा कर्करोग बहुतेक वेळा बरा होतो आणि बहुतेक जण वाचलेही, पण गळ्यावर शस्त्रक्रिया आणि जन्मभर गोळी हे त्या मुलांच्या वाट्याला आलंच. आणि यातलं बरंचसं फक्त दूध थांबवून टळलं असतं.

पोलंडने शहाणपणा दाखवला. तिथे २९ एप्रिलपासून सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना साध्या आयोडीनचा डोस दिला गेला. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरली की किरणोत्सर्गी आयोडीनला आत जागा उरत नाही. एवढं साधं तत्त्व आहे. मात्र वेळ चुकली तर उपयोग नाही. किरणोत्सर्गी हवा पोचण्याच्या थोडं आधी किंवा पोचल्यावर काही तासांत गोळी घेतली, तरच ती कामाची.

फुकुशिमात गोळ्या होत्या, वेळेवर आदेश नव्हता. मिहारू नावाच्या छोट्या गावाने १५ मार्चला वाऱ्याची दिशा पाहिली, पाऊस येणार हे पाहिलं आणि कुणाच्या आदेशाची वाट न बघता ४० वर्षांखालच्या रहिवाशांना गोळ्या वाटल्या. प्रांताच्या कार्यालयाने त्या परत घ्या म्हणून सांगितलं. गावाने ऐकलं नाही. त्या गावाच्या कारभाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

याच्या उलट नामिए गावचं. तिथले लोक किनाऱ्यापासून आत त्सुशिमा नावाच्या भागात आसऱ्याला गेले, कारण वारा दक्षिणेकडे वाहतोय असं त्यांना वाटलं. ओढ्याच्या पाण्यात भात शिजवत होते, मुलं बाहेर खेळत होती. प्रत्यक्षात वारा त्यांच्याच दिशेने, वायव्येकडे वळला. सरकारकडे तो अंदाज देणारी संगणकप्रणाली होती, तिचं नाव स्पीडी. तिचे नकाशे गावापर्यंत पोचलेच नाहीत.

एवढं होऊनही जपानने एक गोष्ट वेळेत केली. दूध, भाजी आणि पाण्यावर आठवड्याभरात मर्यादा आल्या. २३ मार्चला टोकियोच्या एका जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात लिटरमागे २१० बेकरेल (किरणोत्सर्गी द्रव्य किती आहे ते सांगणारं माप) किरणोत्सर्गी आयोडीन सापडलं, तेव्हा तान्ह्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका असं लगेच सांगितलं गेलं. बाळांची मर्यादा १०० होती. चेर्नोबिलच्या आसपासच्या स्थलांतरितांच्या थायरॉइडला मिळालेला सरासरी डोस सुमारे ५०० मिलिग्रे होता. फुकुशिमातून हलवलेल्या एक वर्षाच्या बाळांचा सरासरी अंदाज जास्तीत जास्त ३० च्या घरात आहे. मिलिग्रे म्हणजे एखाद्या अवयवाने शोषलेल्या किरणोत्सर्गाचं माप. दोन अपघातांत मुलांच्या वाट्याला काय आलं, त्यातला फरक समजायला ही दोन माणशी सरासरी पुरेशी आहे.

मग उरते माती

सीझियम १३७ निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. ते मातीतल्या चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि वरच्या काही सेंटिमीटरमध्येच राहतं. ही वाईट बातमीच आहे, पण तिच्यात सोयही आहे. वरचा पापुद्रा खरवडून काढला की मैदानावरचा डोस बराच उतरतो. कोरियामा शहराने सरकारी आदेशाआधी, एप्रिलच्या अखेरीसच, आपल्या शाळांच्या मैदानांवर यंत्रं आणून माती काढायला सुरुवात केली. काढलेली माती ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र सुटेना. कोणतंही गाव ती घ्यायला तयार नव्हतं. मग बऱ्याच शाळांत ती ताडपत्रीखाली झाकून किंवा आवारातच खड्डा करून पुरून ठेवली गेली आणि मुलं शेजारी खेळत राहिली. पुढे अशी बहुतेक माती ओकुमा आणि फुताबा या गावांतल्या तात्पुरत्या साठवणुकीच्या जागेत नेली गेली. ती तिथून २०४५ पर्यंत प्रांताबाहेर न्यायची, असा कायदाच आहे.

आता शाळेच्या आतलं सांगते. त्या उन्हाळ्यात पोहण्याचे तलाव बंद. उकाड्यात लांब बाह्यांचे शर्ट आणि तोंडावर मास्क. दप्तराबरोबर गळ्यात डोस मोजणारा बिल्ला. कोरियामात शाळकरी मुलांना दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देत नव्हते. बालवाडीतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अर्धा तास, त्याहून लहानांना पाव तास. लहानांचे हे नियम दोन वर्षांहून अधिक काळ चालले. नियम उठल्यावरही कितीतरी आयांनी मुलांना बाहेर सोडलं नाही. शहराने डिसेंबर २०११ मध्ये घरात खेळण्यासाठी एक प्रचंड मोठा हॉल उघडला, आत वाळूसुद्धा आणून टाकली, कारण वाळूत न खेळलेली पिढी मोठी होत होती.

२०१२ च्या शालेय आरोग्य तपासणीत फुकुशिमाची मुलं अनेक वयोगटांत लठ्ठपणात देशात पहिली आली. लठ्ठपणाही आजारच आहे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाचे विकार त्याच्यामागून येतात. किरणोत्सर्गापासून वाचवायला घरात कोंडलेलं मूल दुसऱ्या बाजूने आजारी पडू लागलं. म्हणजे सुरक्षेसाठी घेतलेल्या प्रत्येक पावलाची किंमत मूलच मोजतं. म्हणून पाऊल उचलावं की नाही हे ठरवताना दोन्हीकडचा हिशोब मांडायलाच हवा.

जी गावं रिकामी झाली त्यांच्या शाळांनाही गाव सोडावं लागलं. ओकुमाच्या शाळा सुमारे १०० किलोमीटर दूर आइझुवाकामात्सु शहरात एप्रिल २०११ मध्येच पुन्हा सुरू झाल्या. इतक्या घाईत, इतक्या गोंधळात एका छोट्या नगरपालिकेने शाळा उभी केली, ही साधी गोष्ट नाही. फुताबा गाव तर सैतामा प्रांतातल्या एका बंद पडलेल्या हायस्कूलच्या इमारतीत जाऊन राहिलं. वर्गखोल्यांत कुटुंबं झोपायची. काही मुलं आईबरोबर लांबच्या शहरात गेली आणि वडील नोकरीसाठी मागे राहिले. नामिएत २०१८ मध्ये नवी शाळा सुरू झाली, तेव्हा पटावर जेमतेम १० मुलं होती.

आणि छळ. योकोहामात गेलेल्या एका मुलाला वर्गातली मुलं जंतू म्हणून हाक मारायची. तुम्हाला नुकसानभरपाई मिळते ना, असं म्हणून त्याच्याकडून पैसेही उकळायची. त्याने लिहिलेलं टिपण २०१६ मध्ये लोकांसमोर आलं. मरावंसं खूपदा वाटलं, पण भूकंपात इतकी माणसं गेली, म्हणून आपण जगायचं ठरवलं, असं त्यात होतं. त्या वर्गात एकाही मुलाला कुणी हे समजावून सांगितलं नव्हतं का, की किरणोत्सर्ग सर्दीसारखा माणसाकडून माणसाला लागत नाही? विज्ञानाचा एक तास त्या मुलासाठी किती मोलाचा ठरला असता!

थायरॉइडच्या तपासणीचं कोडं

ऑक्टोबर २०११ पासून फुकुशिमा वैद्यकीय विद्यापीठाने अपघाताच्या वेळी १८ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांची सोनोग्राफी सुरू केली. पहिल्या फेरीत ३ लाखांच्या आसपास मुलं तपासली गेली आणि ११६ जणांत कर्करोग निघाला किंवा त्याचा संशय आला. नंतरच्या फेऱ्या धरून ही संख्या तीनशेच्या वर गेली आहे. एरवी या वयात हा कर्करोग अतिशय दुर्मीळ. आकडा ऐकून कुणाच्याही पोटात गोळा येईल.

पण सोनोग्राफी इतकी बारीक बघते की जन्मभर त्रास न देणाऱ्या गाठीही सापडतात. दक्षिण कोरियात मोठ्या माणसांच्या थायरॉइडची अशी सरसकट तपासणी वाढली, तेव्हा १९९३ ते २०११ या काळात रुग्णसंख्या १५ पट झाली आणि मृत्यू मात्र तेवढेच राहिले. तिथे कुठलाही अपघात झाला नव्हता. फुकुशिमाच्या बाबतीत आणखी दोन खुणा आहेत. चेर्नोबिलमध्ये अपघातानंतर चार-पाच वर्षांनी आणि सगळ्यात आधी अगदी लहान मुलांत रोग दिसला. फुकुशिमात पहिल्या फेरीतच, बहुतेक करून मोठ्या मुलांत दिसला. म्हणून ही वाढ तपासणीमुळे दिसते आहे, किरणोत्सर्गाचा परिणाम वेगळा काढता येण्याइतका नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीचं मत आहे. मलाही हा युक्तिवाद जास्त वजनदार वाटतो.

तरी दुसरी बाजू झटकून टाकता येत नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बऱ्याच जणांत रोग लसिकाग्रंथींपर्यंत पोचला होता. म्हणजे त्या साऱ्याच गाठी निरुपद्रवी होत्या असं म्हणता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये अशा सहा तरुणांनी वीज कंपनीविरुद्ध टोकियोच्या न्यायालयात दावा लावला. अपघातावेळी ते ६ ते १६ वर्षांचे होते. सरासरी डोस कमी होता हे खरं. पण आपल्या एकट्याच्या शरीरात काय झालं हा प्रश्न सरासरीने सुटत नाही.

तपासणी शाळेतच व्हायची. वर्ग रांगेने जायचा. अशा वेळी मला नको म्हणणारं मूल विरळाच. घरी निकालाचं पत्र यायचं: गट ए-२. म्हणजे छोटी गाठ किंवा पाण्याची पुटकुळी आहे, आता काही करायची गरज नाही, पुढची तपासणी दोन-अडीच वर्षांनी. बाकी खुलासा फारसा नाही. आयांचा जीव टांगणीला लागला. मग आओमोरी, यामानाशी आणि नागासाकी या अपघातापासून दूरच्या प्रांतांत चार हजारांहून अधिक मुलं तपासली, तर तिथेही निम्म्याहून जास्त मुलं ए-२ मध्येच निघाली. म्हणजे हे नेहमीचंच होतं. पण ही तुलना आधी केली असती आणि पत्राबरोबर दोन ओळी लिहिल्या असत्या, तर किती घरांतली झोप वाचली असती. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने सांगितलं की अणुअपघातानंतर सरसकट सगळ्यांची थायरॉइड तपासणी करू नये. ज्यांना जास्त डोस मिळाला त्यांना नीट समजावून, त्यांच्या इच्छेने ती सोय द्यावी.

अपघात नसतानाही काही होतं का?

इथे प्रामाणिक उत्तर थोडं अडचणीचं आहे. जर्मनीत २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १६ अणुवीजकेंद्रं आणि १९८० ते २००३ अशी २४ वर्षं. केंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे ३७ रुग्ण मिळाले. एरवी साधारण १७ अपेक्षित होते. म्हणजे धोका दुपटीच्या आसपास, आणि संख्येत पाहिलं तर साऱ्या केंद्रांभोवती मिळून वर्षाला एकापेक्षाही कमी जादा मूल. केंद्रातून बाहेर पडणारा किरणोत्सर्ग मात्र एवढी वाढ घडवण्याच्या मानाने हजार पटीहून कमी होता. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडच्या २०११ च्या अभ्यासांत असा ठाम संबंध मिळाला नाही. फ्रान्सच्या अभ्यासात अंतरानुसार वाढ दिसली, पण डोसनुसार दिसली नाही.

एक तर्क असा की एकाकी ग्रामीण भागात अचानक बाहेरून पुष्कळ माणसं आली की एखादा अनोळखी संसर्ग पसरतो आणि क्वचित एखाद्या मुलात रक्ताचा कर्करोग उद्भवतो. ब्रिटनमधल्या सेलाफील्ड या अणुकेंद्राजवळच्या सीस्केल गावात १९८३ साली अशा रुग्णांचा पुंजका उजेडात आला, तेव्हापासून यावर काम चालू आहे. कोडं सुटलेलं नाही. त्यामुळे कुणी अणुकेंद्राशेजारी मुलांना काहीही होत नाही असं छातीठोक म्हणालं, किंवा दर घरात कर्करोग आहे असं सांगितलं, तर दोघांवरही विश्वास ठेवू नका.

आपल्याकडे तारापूर

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागल्या. फुकुशिमातल्या अपघातग्रस्त भट्ट्यांसारख्याच त्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या, जनरल इलेक्ट्रिकच्या. पुढे आणखी दोन मोठ्या भट्ट्या आल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं हलवली गेली. केंद्राभोवतीचा १६ किलोमीटरचा पट्टा आपत्कालीन नियोजनाचा मानतात. चिंचणी, घिवली, दांडीपासून बोईसरपर्यंतच्या शाळा त्यात येतात. केंद्राच्या आवाराबाहेर काय करायचं याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची असते. तिकडे राजापूर तालुक्यात माडबनला जैतापूरच्या सहा भट्ट्यांचा प्रस्ताव आहेच.

तारापूरच्या मुलांच्या आजारांविषयी बोलताना एक गुंता लक्षात घ्यायला हवा. त्याच परिसरात तारापूर एमआयडीसी आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्टा ठरला होता. मुलांचा खोकला, त्वचेचे आजार, दम, यामागे रसायनं आहेत की आणखी काही, हे अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी रुग्णांची गावनिहाय नोंद आणि ती लोकांपुढे ठेवण्याची तयारी हवी.

पालकसभेत विचारायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. सायरन वाजला तर मुलं वर्गातच थांबणार की बसने हलणार? दारं-खिडक्या बंद करून आत थांबणं कित्येकदा धावपळ करून बाहेर पडण्यापेक्षा सुरक्षित असतं. हे शिक्षकांना माहीत आहे का? पालकांनी शाळेकडे धाव घ्यायची नाही हे कुणी सांगितलंय का? गोळ्या कुठे ठेवल्यात आणि त्या देण्याचा निर्णय कोण, किती मिनिटांत घेणार? अणुऊर्जा विभागाच्या वसाहतीतल्या शाळेला जे सांगितलं जातं तेच शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला सांगतात का? पालघर हा आदिवासी जिल्हा आहे, इथे आश्रमशाळा आहेत. तिथल्या मुलांचे आईवडील मुक्कामाला दूर पाड्यावर किंवा कामासाठी स्थलांतर करून गेलेले असतात. त्यांच्या मुलाला गोळी द्यायला हो कोण म्हणणार, बस कुठे जाणार, निरोप कसा पोचणार, हे आधीच लिहून ठेवायला हवं.

आणि एक अगदी व्यवहारातलं. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन थायरॉइड भरत नाही, तेवढं आयोडीन त्यात नसतं, उलट इतकं मीठ मुलाला घातक. जखमेवर लावायचं किंवा गुळण्या करायचं आयोडीनचं औषध पिऊ नये. फुकुशिमाच्या वेळी जपानमध्ये तशी अफवा पसरली होती आणि तिथल्या किरणोत्सर्ग संशोधन संस्थेला ते पिऊ नका म्हणून जाहीर सांगावं लागलं होतं. गोळी घ्यायची ती प्रशासनाने दिलेली, वयाप्रमाणे ठरवलेल्या मात्रेत, आणि सांगितल्यावरच.